मी कुणाला बोललो नाही

आयुष्यभर लोकांना ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणत आलेल्या चष्मेवाल्याला पन्नाशी उलटल्यावर पक्ष्यांचं वेड लागलं. आधी दुर्बीण आली, मग कॅमेरा आला, मग त्या कॅमेऱ्याला शोभेल अशी हातभर लांबीची लेन्स आली. मुलगी शिकायला परगावी गेली होती, तिच्या रिकाम्या खोलीत तिपाई, चिखलाचे बूट आणि हिरवट-मातकट रंगाचे न शोभणारे कपडे येऊन बसले. शनिवारी दुपारी दुकानाचं शटर ओढलं की नवराबायको गाडीत बसत आणि कधी डोंगर, कधी खाडी, कधी एखादं माळरान पालथं घालून रविवारी अंग मोडून परतत.

बायकोला पक्ष्यांचं फारसं कौतुक नव्हतं. तिला प्रवास आवडे, वळणावर अचानक समोर येणारं पाणी आवडे, आणि नवऱ्याला एकटं सोडलं तर तो कुठल्यातरी दलदलीत कमरेपर्यंत रुतून बसेल याची तिला खात्री होती. लेन्सला धक्का लागू नये म्हणून ती शालीत गुंडाळून बायकोच्या मांडीवर असे. “बाळ झोपलंय, खड्डे चुकवा,” असं ती म्हणे, आणि तो खरंच गाडी हळू चालवी.

फोटो काढायचे म्हणजे कुणीतरी बघायला हवेत. त्याच्यासारख्याच पक्षीवेड्यांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांनी चिमणीचा फोटो टाकला तरी वाहवा होई, आणि यांनी तासन्‌तास चिखलात बसून काढलेल्या करकोच्याला दोन अंगठे मिळत. त्यातला एक अंगठा बायकोचा. हे त्याला लागायचं. पोरकटपणा आहे हे कळत होतं, पण कळून लागायचं थांबत नाही.

त्या वर्षी थंडी ओसरता ओसरता ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. आई कायम आजारी, त्यामुळे याला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलेलं. पुढे ती मोठ्या इस्पितळात मेट्रन झाली, तिथे तिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने शिकाऊ डॉक्टर सरळ उभे राहत. निवृत्त झाल्यावर मात्र शहर सोडून ती दूर एका तलावाकाठी लहानसं घर घेऊन राहिली. लग्न तिने केलं नव्हतं. सोबत म्हणावी तर जनावरांच्या डॉक्टरांची. तिथल्या दवाखान्यात ते एकटेच होते, आणि रोज संध्याकाळी चिखलाने माखलेली जीप घेऊन ते तिच्याकडे बुद्धिबळ खेळायला येत. बूट दाराबाहेर काढत, अंगाला औषधाचा वास येत असे, आणि एकदा पटावर बसले की दोघं तासभर चकार शब्द काढत नसत.

“छोट्या, शेंडीवाले आलेत,” ताई फोनवर म्हणाली. साठीकडे झुकलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात आता एवढंच एक माणूस उरलं होतं. “मी इथे आल्यापासून पहिल्यांदा. जोडी आहे. घरटं करतील असं वाटतंय. येऊन बघून जा.”

शेंडीवाले म्हणजे टिबुकली या चिमुकल्या पाणपक्ष्याचेच भाऊबंद, पण बदकाएवढे मोठे. मान लांब, डोक्यावर काळी शेंडी आणि गालांवर तांबूस झालर. घरटं पाण्यावर तरंगणारं, कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा ढीग लव्हाळ्यांच्या दाटीला अडकवून ठेवल्यासारखं. आणि जोडी जमताना ते नाचतात. हे त्याने फक्त वाचलं होतं.

ते दोघं गेले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो ताईच्या परसातल्या लाकडांच्या खोपटामागे तिपाई लावून बसला. तलावावर धुकं होतं. पलीकडे डोंगर, त्याच्या माथ्यावर कुणी कुऱ्हाडीचा घाव घालावा तशी खोल खाच. त्या खाचेतून पहिला उजेड पाण्यावर उतरला आणि नेमक्या त्या पट्ट्यात दोन्ही पक्षी समोरासमोर आले. मान हलवून एकमेकांना नकार दिल्यासारखं केलं, बुडी मारली, चोचीत पाणवेली धरून वर आले, आणि मग छातीला छाती लावून पाण्यावर चक्क उभे राहिले. पाय खाली वेड्यासारखे चालत असणार, पण वर दोघं स्थिर. त्याने बोट दाबून धरलं.

चहाला बसल्यावर कॅमेऱ्यातला फोटो त्याने ताईला दाखवला. तिने चष्मा कपाळावर सरकवून पाहिला, पुन्हा नाकावर ओढून पाहिला. मग म्हणाली, “सुरेख आहे. पण एक ऐक. मागे पलीकडच्या पाणथळीवर असंच एक जोडपं आलं होतं. बातमी फुटली, लोक आले, आणि ते सगळं सोडून निघून गेले. पिल्लं पाण्यावर आपली आपण फिरायला लागेपर्यंत याबद्दल कुणाला बोलायचं नाही. मला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे, आता तुम्हा दोघांना. बस.”

“अगं, मी कशाला बोलतोय,” तो म्हणाला. त्या वेळी ते खरं होतं.

घरी आल्यावर कितीतरी दिवस तो फोटो नुसता उघडून बघत राही. दुकानामागे काचा घासायची खोली होती, तिथे गिऱ्हाईक नसताना तो स्टुलावर बसे आणि फोनवर तो पट्टा, त्या दोन छात्या, ते उडालेले थेंब बोटांनी मोठे करून पाही. ताईने फोनवर सांगितलं की घरटं झालं, अंडी दिसतात, दोघं आळीपाळीने बसतात. त्याच आठवड्यात बँकेच्या साहेबांनी पंजात मासा धरून उडणाऱ्या घारीचा फोटो टाकला आणि ग्रुप नुसता न्हाऊन निघाला. कुणी लिहिलं, ‘साहेब, आता यापुढे आम्ही कॅमेरे विकून टाकतो.’

हे वाचून तो काचा घासायच्या खोलीत गेला. ठिकाण सांगायचं नाही असं ताई म्हणाली होती. फोटो दाखवायचा नाही असं कुठे म्हणाली होती? त्याने आधी डोंगर कापून टाकला. पक्षी कोऱ्या कागदावर चिकटवल्यासारखे दिसायला लागले. उजेड कुठून आला तेच कळेना, सगळा प्राणच गेला. त्याने डोंगर परत आणला. मग वर लिहिलं, ‘ठिकाण विचारू नये. पक्ष्यांच्या भल्यासाठी सांगणार नाही.’ हे वाक्य लिहून त्याला स्वतःविषयी बरंही वाटलं.

त्या संध्याकाळी फोन सारखा वाजत राहिला. बँकेच्या साहेबांनी लिहिलं, ‘हा फोटो मला काढता आला असता तर मी धन्य झालो असतो.’ त्याने ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, “ताईंना चालेल ना?” तो म्हणाला, “ठिकाण थोडंच सांगितलंय.”

थोड्या वेळाने ग्रुपमधल्या एकाचा वेगळा निरोप आला. हा माणूस दुकानांच्या पाट्या बनवायचा, कामानिमित्त सगळीकडे फिरायचा. त्याने लिहिलं होतं, ‘खाचेच्या डोंगराखालचा तलाव ना? मी तिथून गेलोय. कमाल केलीत.’

चष्मेवाला त्या ओळीकडे बघत राहिला. ‘नाही’ एवढं लिहायला काय लागतं? न शोभणारी फ्रेम शोभते म्हणून सांगणं हा त्याचा रोजचा धंदा होता. पण नाही म्हटलं असतं तर त्या माणसाने ओळखल्याचा आनंद, आणि त्यामागोमाग स्वतःला झालेली ती गोड गुदगुली, दोन्ही विझली असती. हो म्हणणं शक्यच नव्हतं, शब्द दिला होता. शेवटी त्याने काहीच न लिहिता एक पिवळा हसरा चेहरा पाठवून दिला आणि जेवायला गेला.

पुढच्या सोमवारी ताईचा फोन आला. तिचा आवाज इस्पितळातल्यासारखा, सपाट. शनिवारपासून गाड्या येत होत्या. लोक परसातून आत शिरले, लव्हाळी तुडवली. कुणीतरी हवेची रबरी होडी आणून पाण्यात सोडली आणि पक्ष्यांच्या मागे वल्हवत गेलं. लाटांनी घरटं कलंडलं. अंडी पाण्यात गेली. ती काठी घेऊन धावली तेव्हा एक जण तिला म्हणाला, आजी, एकच मिनिट, उजेड चांगला आहे.

“दोघं निघून गेले,” ताई म्हणाली. “काल दिवसभर मादी त्या ढिगाभोवती फिरत होती. आज नाही.” मग जरा थांबून, “छोट्या, तू कुणाला बोललास का?”

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मनातल्या मनात तो घाईघाईने एकेक गोष्ट तपासत गेला. बोलला होता का? नव्हता. शब्द म्हणून तोंडातून किंवा बोटातून एकही गेला नव्हता.

“नाही गं,” तो म्हणाला. “मी कुणाला बोललो नाही.”

“माझंही तेच मत होतं. म्हणजे मग डॉक्टरच.” तिने सुस्कारा सोडला. “त्यांच्याकडे बारा गावची माणसं येतात. बोलून गेले असतील. मी विचारलं तर नाही म्हणाले. माझ्या तोंडावर नाही म्हणाले.”

इथे बोलायला हवं होतं. त्याला ते त्या क्षणीही कळत होतं. त्याने नुसतं “हं” म्हटलं.

बायको पलंगावर धुतलेले कपडे घडी करत बसली होती. “काय झालं?”

“शेंडीवाले गेले. लोक आले म्हणे. ताईला डॉक्टरांचा संशय आहे.”

“डॉक्टरांचा?” तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “चहात साखर किती हे विचारलं तरी विचारात पडणारा माणूस तो. तो कुणाला सांगत फिरणार?”

“कुणाचं काय सांगावं,” चष्मेवाला म्हणाला.

हे तीन शब्द पुढे त्याला सगळ्यात जास्त छळणार होते. फोटो टाकला ती हौस होती, हसरा चेहरा पाठवला तो मोह होता, ताईला नाही म्हटलं ती भीती होती. या सगळ्यांना तो रात्री उशीवर काही ना काही नाव देऊ शकत होता. पण हे तीन शब्द कुणी विचारलेही नव्हते. ते त्याने आपणहून, थंड डोक्याने, एका गरीब माणसाच्या माथी मारले होते.

त्यानंतर फोटोचं कौतुक थांबायला हवं होतं, तर ते वाढत गेलं. नगरभवनात प्रदर्शन भरलं, त्यात तो फोटो दाराशीच लावला, दारातून आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा त्याच्यावरच पडावी असा. बँकेच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बायको ठेवणीतली साडी नेसून आली होती. तो फोटोशेजारी उभा होता आणि शर्टाची कॉलर गळ्याला काचत होती. पाटीवाला येऊन डोळा मिचकावून गेला. काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “गोड आहेत हो. पिल्लं झाली का यांना?”

“झाली ना,” तो म्हणाला.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. बायको शोधत आली तेव्हा उकडतंय म्हणाला. वारा चांगला सुटला होता.

कॅमेरा हळूहळू कपाटात राहायला लागला. शनिवारी तो काहीतरी काम काढी. बायकोने दोनचार वेळा छेडलं, मग सोडून दिलं; वयानुसार वेड उतरलं असेल अशी तिने समजूत करून घेतली. ताईचे फोन त्रोटक झाले होते. कशी आहेस, बरी आहे, तू कसा आहेस. बुद्धिबळाचं नाव निघत नसे. काढायचं धाडस त्याला नव्हतं.

आणि एके दिवशी शेजारच्या कुणा बाईने फोन करून कळवलं की ताई पडली. डाव्या हाताचं मनगट मोडलं होतं आणि चष्म्याच्या काचेला तडा गेला होता. काच तर माझ्याच हातची, असं काहीतरी विचित्र त्याच्या मनात आलं. दुकान बंद ठेवून दोघं निघाले.

ताई खुर्चीत बसली होती, हात झोळीत, नाकावर तडकलेला चष्मा. एका डोळ्यासमोर रेघ घेऊन ती दोन दिवस वावरत होती. बायकोने येताक्षणी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आतून तिने विचारलं, “पण ताई, तुम्ही पायी कशाला गेलात बाजाराला? डॉक्टर नेतात ना जीपमधून?”

“ते येत नाहीत,” ताई म्हणाली. “मीच सांगितलं, येऊ नका म्हणून. मग दर आठवड्याला पायीच जाते. उतारावर पाय सटकला.”

खिडकीजवळच्या लहान टेबलावर पट नव्हता. तिथे आता रोपांच्या कुंड्या होत्या, आणि त्यातली अर्धी वाळली होती. चष्मेवाल्याने मान खाली घालून तिच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढून घेतला, नवीन काच बसवायला बाहेर पायरीवर बसला. असा सराईत हात, पण छोटा स्क्रू दोनदा गवतात पडला.

काच बसवून झाल्यावर तो म्हणाला, “जरा जाऊन येतो,” आणि गाडी काढून सरळ दवाखान्यावर गेला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ताईकडे बोलायचं धैर्य नव्हतं म्हणून आधी डॉक्टरांकडे गेला, एवढंच.

डॉक्टर एकटेच होते. टेबलावर एक मोठं काळं कुत्रं आडवं होतं, पंजात काहीतरी रुतलेलं. दारात त्याला पाहून त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. “बरे आलात. मान धरा जरा. चावत नाही, नुसता आवाज करतो.”

त्याने मान धरली. कुत्रं उष्ण होतं आणि थरथरत होतं. डॉक्टर चिमट्याने काम करत राहिले. शेवटी तो कुत्र्याच्या कानाकडे बघत म्हणाला, “डॉक्टर, ती बातमी माझ्यामुळे फुटली. ताईला वाटतं तुमच्यामुळे.”

“माहीत आहे मला.”

“ताईला वाटतं ते?”

“दोन्ही.” काचेचा तुकडा निघाला, त्यांनी तो बशीत टाकला. “माझ्या पुतण्याने पाठवला होता तुमचा फोटो, आधीच. डोंगर बघितला. फोटो छान आहे हो, डोंगराशिवाय झाला नसता.”

चष्मेवाल्याला जमीन दुभंगावी असं वाटलं. हे टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते साधं म्हटलं होतं.

“मग तुम्ही ताईला दाखवला का नाहीत?”

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे बराच वेळ घेतला. पंजाला पट्टी गुंडाळली, टोक चिकटवलं. “दाखवला असता तर मी खरा ठरलो असतो आणि त्यांचा भाऊ खोटा. त्यांना तुम्ही एकच आहात. मी काय, बुद्धिबळाला येणारा माणूस.” मग हात धुता धुता, पाठ करून म्हणाले, “हे एक. आणि दुसरं म्हणजे मला रागही आला होता. इतकी वर्षं समोर बसलो. मी नाही म्हटलं तर त्यांनी मानायला हवं होतं. पुरावा घेऊन दारात उभं राहायचं मला जमलं नाही. तेव्हा मला फार थोर समजू नका.”

“मी आता जाऊन सांगतो तिला.”

“तुमचं तुम्ही बघा,” डॉक्टर म्हणाले. “मान सोडा आता त्याची, झालं.”

परत येताना रस्ता लांबावा असं त्याला वाटत होतं, आणि तो नेमका लवकर संपला. ताई आणि बायको चहा घेत बसल्या होत्या. बसल्यावर धीर सुटेल म्हणून तो उभ्यानेच बोलायला लागला, आणि सुरुवातच वाकडी झाली. ग्रुपवर एक माणूस आहे, तो पाट्या करतो, त्याने आपलं आपणच ओळखलं, मी तर उलट स्पष्ट लिहिलं होतं की ठिकाण विचारू नये...

“छोट्या,” ताई म्हणाली. “सरळ सांग.”

मग त्याने सरळ सांगितलं. फोटो टाकला. डोंगर काढला होता, तो परत घातला, कारण त्याशिवाय वाहवा झाली नसती. ओळखणाऱ्याला नाही म्हटलं नाही. हसलो. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो.

“तू म्हणालास, मी कुणाला बोललो नाही.”

“बोललो नव्हतो. म्हणजे... शब्द असा...”

“लहानपणी बरणी फुटली की असंच म्हणायचास. मी फोडली नाही, ती पडली.” ती हे हसून म्हणाली नाही. नवीन काचेतून ती त्याच्याकडे बघत होती आणि त्याला त्या नजरेपुढे उभं राहवेना. “अंडी गेली, पक्षी गेले, ते मी एक वेळ समजू शकते. हौसेपायी माणूस चुकतो. पण मी डॉक्टरांचं नाव घेतलं तेव्हा तू फोनवर होतास. माझ्याच आवाजात मी त्यांना चोर ठरवत होते आणि तू ऐकत होतास.”

“हो.”

“मला दार लावून घेऊ दिलंस.”

“हो.”

बायकोने कप खाली ठेवला, तो ठेवतानाचा आवाजही तिने होऊ दिला नाही. “मला म्हणालात, कुणाचं काय सांगावं,” ती हळू म्हणाली. “मी त्यानंतर दोन-तीन जणींना हे सांगितलंय. डॉक्टरांनी असं केलं म्हणून. मीही सांगून बसले आहे.”

याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. त्याला वाटलं होतं, आपली लाज आपल्यापुरती आहे.

ताई उठली. एका हाताने तिला अंगावर शाल नीट घेता येईना, बायको मदतीला गेली. “मला दवाखान्यात सोड,” ताई त्याला म्हणाली. “आणि तू आत येऊ नकोस. तू तुझ्यासाठी जायचं ते जाऊन आलास ना? आता मला माझ्यासाठी जायचंय. त्यांनी नाही म्हटलं होतं आणि मी मानलं नाही, ते काही तू करायला लावलं नव्हतंस.”

दवाखान्यासमोर त्याने गाडी थांबवली. मेट्रनची ती दमदार चाल आज नव्हती. दाराशी पोचून ती क्षणभर थांबली, मोकळ्या हाताने केस सारखे केले, आणि मग आत गेली. पट्टी बांधलेलं कुत्रं मालकाबरोबर लंगडत बाहेर पडलं. दार लोटलं गेलं. गाडीत बसून चष्मेवाला स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच ताई कुणाची तरी क्षमा मागत होती, आणि ती वेळ तिच्यावर त्याने आणली होती.

ती बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल होते. गाडीत बसल्यावर पट्टा लावता येईना, त्याने लावून दिला.

“काय म्हणाले?”

“ते तुला कशाला हवं?” ती म्हणाली. मग थोड्या अंतराने, “चहा विचारला. मी घेतला.”

घरी परत गेल्यावर त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं. लिहायला वेळ लागला, कारण दर वेळी वाक्यात कुठेतरी सबब घुसत होती आणि ती पुसावी लागत होती. कुणी लिहिलं, चालायचंच. कुणी लिहिलं, यात तुमचा काय दोष, रबरी होडीवाल्याचा दोष. पाटीवाल्याने लिहिलं, ‘तुम्हीच तर हसला होतात, मी समजलो सांगायला हरकत नाही,’ आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. बँकेच्या साहेबांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांनी फोन केला आणि जरा चाचरत म्हणाले की त्या घारीच्या वेळी मासा त्यांनीच काठावर टाकला होता. हे ऐकून आपल्याला बरं वाटेल अशी चष्मेवाल्याची अपेक्षा होती, पण तसं काही झालं नाही. बायकोने तिच्या त्या मैत्रिणींना एकेक फोन लावला. प्रत्येकीला तिने सांगितलं की चूक माझ्या नवऱ्याची होती, आणि तो शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत होता. तिने दार बंद केलं नव्हतं. मुद्दामच केलं नसावं.

पुढे दोघं पुन्हा प्रवासाला जायला लागले. डोंगर बघत, पाणी बघत. तो कॅमेरा नेई, कधी काढी, कधी नाही. काढलेला फोटो घरीच राही. नवराबायकोत बोलणं पहिल्यासारखं झालं, फक्त तो कशाबद्दल ‘नाही’ म्हणाला की ती एक क्षण जास्त त्याच्याकडे बघे. ती सवय काही गेली नाही.

वर्ष फिरलं. थंडी ओसरायला लागली तसा तो रोज फोनकडे बघायला लागला. ताईचा फोन आला तो एका संध्याकाळी. हात आता पूर्ण बरा आहे म्हणाली, चष्मा छान आहे, उतारावर पायऱ्या करून घेतल्या. मागून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि कुणीतरी सावकाश म्हणालं, “तुमची चाल आहे.”

“आले,” ताई तिकडे म्हणाली. मग फोनमध्ये, “बाकी सगळं ठीक. तुझं?”

“ठीक आहे.”

शेंडीवाले आलेत का, हे त्याच्या अगदी ओठांवर होतं. तिने सांगितलं नव्हतं. आले नसतील म्हणून, की आले असतील म्हणून, ते तिच्या आवाजावरून कळत नव्हतं, आणि मेट्रनच्या आवाजावरून काही कळू द्यायचं नाही असं तिने ठरवलं तर कुणाची छाती नव्हती ते ओळखायची. विचारलं तर ती खोटं बोलणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने विचारलं नाही.

“ठेवते मग,” ताई म्हणाली. “ये कधीतरी.”

“येतो,” तो म्हणाला, आणि तिने ठेवेपर्यंत फोन कानाशी धरून राहिला.